न वाचलेली ओडिसी

'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या सिनेमाच्या सुरुवातीलाच श्रेय येतं: होमरच्या 'ओडिसी'वर आधारित. साल २०००. लेखन-दिग्दर्शन जोएल आणि ईथन कोएन या दोघा भावांचं. या श्रेयामुळे सिनेमाला 'आधारित पटकथे'चं ऑस्कर नामांकनही मिळालं. आणि मुलाखतींमध्ये हे दोघे भाऊ निवांतपणे सांगत राहिले, की आम्ही 'ओडिसी' काही वाचलेली नाही बुवा. थोडी कॉमिक्समधून माहीत होती, थोडी जुन्या सिनेमांतून. सेटवर ती खरोखर वाचलेला माणूस म्हणजे नट टिम ब्लेक नेल्सन. त्याने ब्राउन विद्यापीठातून ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याची पदवी घेतली होती. सिनेमात त्याला काम कुठलं मिळालं? तर बेडकालाच आपला मित्र समजणाऱ्या भोळ्या डेल्मरचं.

कोएन बंधूंचा लौकिक पाहता ही थापही असू शकते. त्यांचा 'फार्गो' सुरू होतो तोच 'ही सत्यकथा आहे' असं ठासून सांगत, आणि ती सत्यकथा नाही. पण मला ही थाप खरी मानायला आवडतं. कारण आपल्यातल्या कितीजणांनी महाभारत वाचलंय? आजीकडून ऐकलेलं, बी. आर. चोप्रांच्या मालिकेत पाहिलेलं, आणि आता रील्समधून तुकड्यातुकड्याने येणारं महाभारत आपल्याला पाठ असतं. 'द्रौपदी काय म्हणाली' यावर आपण तावातावाने भांडतोही. महाकाव्य असंच जगतं. आणि 'ओडिसी' तर जन्मलीच तशी, असं मानायला भक्कम आधार आहे. त्याकडे येतोच. आधी गोष्ट सांगून टाकतो.

१९३७ सालचं मिसिसिपी राज्य. महामंदीचे दिवस. साखळदंडाने एकमेकांना बांधलेले तीन कैदी खडी फोडायच्या कामावरून पळतात. म्होरक्या युलिसिस एव्हरेट मॅकगिल (जॉर्ज क्लूनी), तोंडाने फाटका, वकिलीची सनद नसताना वकिली केली म्हणून आत गेलेला. त्याने बाकीच्या दोघांना गळी उतरवलंय, की आपण बारा लाख डॉलर पुरून ठेवलेत आणि चार दिवसांत ती दरी धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे. खजिना वगैरे काही नाही. बायको दुसऱ्याशी लग्न करायला निघाली आहे आणि त्याला घर गाठायचंय. बायकोचं नाव पेनी. युलिसिस हे ओडिसियसचंच लॅटिन नाव, आणि पेनी म्हणजे पेनेलोपी, हे कळलं की खेळ सुरू होतो. रुळांवरून हाताने ट्रॉली हाकत भविष्य सांगणारा आंधळा म्हातारा म्हणजे द्रष्टा टायरेसियस. नदीवर कपडे धूत गाणाऱ्या तीन बायका म्हणजे सायरन. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, बायबल विकणारा धिप्पाड बिग डॅन म्हणजे सायक्लॉप्स.

अशी यादी करायला मजा येते. इंटरनेटवर अशा शेकडो याद्या सापडतील, म्हणून मी इथेच थांबतो. पण सिनेमा यादी करणाऱ्यांनाही बनवतो. सायक्लॉप्सचा डोळा ओडिसियसने तापवलेल्या खांबाने फोडला, हे ज्याला माहीत आहे तो एका प्रसंगी श्वास रोखून बसतो: झेंड्याची काठी भाल्यासारखी बिग डॅनच्या त्या एकुलत्या डोळ्याकडे सुसाट येते. आणि तो ती हवेतच पकडतो! (मरतो, पण वेगळ्या तऱ्हेने.) तसंच लग्नाच्या उमेदवाराचं. होमरचा नायक एकशे आठ उमेदवारांना लोळवतो. क्लूनीला एकच आवरायचा असतो, आणि त्या एकाच्या हातचा तो भरदुकानात मार खातो. केसांना पोमेड चोपडणारा आणि झोपताना डोक्याला जाळी बांधणारा वीरपुरुष दुसरं काय करणार म्हणा.

आता तो भक्कम आधार. सिनेमातल्या काळाच्या आसपासच, १९३३ ते १९३५ या वर्षांत, हार्वर्डचा तरुण प्राध्यापक मिलमन पॅरी युगोस्लाव्हियाच्या डोंगराळ गावांतून फिरत होता. होमरची महाकाव्यं लिहिणाऱ्याची नाहीत, गाणाऱ्यांची आहेत, असा त्याचा सिद्धान्त होता. ठरावीक विशेषणं, ठरावीक ओळी, ठरावीक प्रसंग ही गायकाची हत्यारं. पाठ केलेलं म्हणून दाखवायचं नाही, हत्यारं वापरून दर वेळी नव्याने उभं करायचं. हे मेलेल्या ग्रीक भाषेत सिद्ध होईना, तेव्हा जिवंत गायक शोधायला तो तिकडे गेला. सोबत त्याचा विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड, आणि ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर आवाज कोरणारं यंत्र. १९३५ मध्ये त्यांना अव्दो मेजेदोविच भेटला. लिहिता-वाचता न येणारा गावचा खाटीक. त्याने एक महाकाव्य तोंडी उतरवून दिलं. ओळी बारा हजारांच्या वर, जवळपास अख्ख्या 'ओडिसी'एवढ्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅरी गेला, जेमतेम तेहेतीस वर्षांचा. लॉर्डने पुढे १९६० मध्ये 'द सिंगर ऑफ टेल्स' हे पुस्तक लिहून हे काम जगापुढे नीट मांडलं.

म्हणजे 'ओडिसी' न वाचता ती सांगायला बसलेले कोएन बंधू हे होमरच्या घराण्याच्या बरेच जवळचे. कानावर आलेल्या तुकड्यांतून, समोरच्या श्रोत्यांकडे बघत, आपल्या मातीतले प्रसंग त्यात घालत सांगणं, हेच तर त्या गायकांचं काम होतं.

पण माझ्या मते सिनेमाचा होमरशी खरा सांधा जुळतो तो आणखी एका जागी. रेडिओ स्टेशनवर.

१९३३ च्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेतही एक यंत्र फिरत होतं. जॉन लोमॅक्स आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा ॲलन. गाडीत तीनशे पौंडांच्या वर वजनाचं ध्वनिमुद्रण यंत्र, पाठीशी वॉशिंग्टनची 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'. ते गेले कुठे? तर तुरुंगांत. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना लेडबेली सापडला. मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगातही ते त्याच फेरीत गेले. वडलांचं तर्कट असं, की वर्षानुवर्षं कोंडलेल्या काळ्या कैद्यांच्या कानांवर रेडिओ आणि रेकॉर्डींचा 'बाजारू' परिणाम झालेला नसणार, तेव्हा अस्सल जुनी गाणी तिथेच मिळतील. शास्त्रीय दृष्ट्या हुशारीचा विचार. माणूस म्हणून वाचताना अंगावर काटा येतो. गाणं शुद्ध राहावं म्हणून गाणारा कोंडलेला बरा!

सिनेमातले तिघे वाटेत एका काळ्या गिटारवाल्याला गाडीत घेतात. नाव टॉमी जॉन्सन, चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून आलेला. टॉमी जॉन्सन नावाचा ब्लूज गायक मिसिसिपीत खरोखर होऊन गेला, आणि सैतानाची ही गोष्ट त्याच्याविषयी सांगितली जायची. (पुढे ती रॉबर्ट जॉन्सनच्या नावावर जास्त गाजली. आडनाव एकच, सैतानाचा गोंधळ उडाला असेल.) टॉमीकडून कळतं, की इथे एक माणूस डब्यात गायचे पैसे देतो. चौघे स्टेशनवर पोचतात. मालक आंधळा. तो विचारतो, तुम्ही काळ्यांची गाणी गाता का? एव्हरेट लगेच म्हणतो, हो तर, आम्ही सगळे काळेच, एक साथीदार सोडून. मालक म्हणतो, मला काळ्यांची गाणी नकोत, जुन्या वळणाची हवीत. एव्हरेट श्वासही न घेता फिरतो: मग आम्ही सगळे गोरे, एक साथीदार सोडून.

थिएटर हसतं. मीही हसलो. पण या दोन वाक्यांत अमेरिकन संगीताच्या धंद्याचा वीस वर्षांचा इतिहास आहे. १९२० मध्ये मेमी स्मिथची ब्लूजची रेकॉर्ड तडाखेबंद खपली आणि कंपन्यांना कळलं, की काळे लोकही गिऱ्हाईक आहेत. त्यांच्यासाठीच्या रेकॉर्डी 'रेस रेकॉर्ड्‌स' या नावाखाली विकल्या जाऊ लागल्या. १९२३ मध्ये राल्फ पीअरने अटलांटात फिडलिन जॉन कार्सनचं मुद्रण केलं, तेव्हा गावाकडच्या गोऱ्यांचाही बाजार आहे हे कळलं. तो झाला 'हिलबिली'. खेड्यात एकाच ओसरीवर, एकमेकांचं ऐकून वाजवणारी माणसं कॅटलॉगात वेगवेगळ्या रकान्यांत गेली. सिनेमातला मालक आंधळा आहे. त्याला गाणाऱ्याचा रंग दिसतच नाही, आणि तरी त्याचा धंदा त्या रंगावरच उभा आहे. आवाज ऐकून त्याला फरक कळत नाही, विचारावं लागतं. इतकी नेमकी टीका मी या विषयावरच्या जाडजूड पुस्तकांतही क्वचित वाचली आहे.

मग ते गातात. गाणं जुनंच, केंटकीतल्या डिक बर्नेट नावाच्या दृष्टी गमावलेल्या भटक्या गायकाने १९१३ च्या सुमारास छापून विकलेलं. माणशी दहा डॉलर मिळतात. एव्हरेट दोन अस्तित्वात नसलेल्या गायकांचेही पैसे उकळतो. पैसे खिशात, चौघे पसार. त्यांना पत्ताच नाही, पण त्यांच्या मागे गाणं राज्यभर वाजू लागतं, दुकानांत रेकॉर्डी संपतात, आणि ही 'सॉगी बॉटम बॉइज' मंडळी कोण याचा शोध सुरू होतो.

इथे 'ओडिसी'चा आठवा सर्ग उघडायला हवा. ओडिसियस फाएशियन लोकांच्या दरबारात अनोळखी पाहुणा म्हणून बसलाय. डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ट्रॉयच्या युद्धाची गाणी गातो, त्यात ओडिसियसच्याच करामती. गाणं त्याच्या आधी तिथे पोचलंय. समोर बसलेल्या माणसाला मात्र कोणी ओळखत नाही. तो डोक्यावरून वस्त्र ओढून रडतो. होमरच्या जगात कीर्तीला शब्द आहे 'क्लिओस', त्याचा मूळ अर्थ 'ऐकू येणारं'. तुमच्याबद्दल जे ऐकू येतं ते. ते तुमच्यापासून सुटं होऊन स्वतःच्या पायांनी हिंडतं. आंधळा गायक, आंधळा रेडिओवाला, वेशांतर करून आलेला नायक (सिनेमात खोट्या दाढ्या लावून) आणि त्याला ओळख मिळवून देणारं गाणं: हा धागा कोएन बंधूंना कॉमिक्समधून मिळाला असेल, तर ते कॉमिक फार ताकदीचं असलं पाहिजे.

गाणं नायकाला वाचवतं कसं, तेही पाहण्यासारखं. राज्यात निवडणूक चालू आहे. गव्हर्नर पॅपी ओडॅनियल पिठाच्या जाहिरातीचा रेडिओ कार्यक्रम चालवतो. हेही हवेतलं नाही. डब्ल्यू. ली ओडॅनियल हा टेक्ससमधल्या पिठाच्या कंपनीचा विक्री-अधिकारी रेडिओवर बँड घेऊन आला, घराघरांत पोचला, १९३८ मध्ये गव्हर्नरपदी निवडून आला आणि १९४१ मध्ये सिनेटच्या निवडणुकीत त्याने तरुण लिंडन जॉन्सनला १३११ मतांनी हरवलं. माध्यमातली लोकप्रियता मतपेटीत ओतायची युक्ती आजची नाही. सिनेमात त्याचा प्रतिस्पर्धी आहे होमर स्टोक्स, हातात झाडू घेऊन 'घाण साफ करतो' म्हणणारा सुधारक. होमर हे नाव त्यालाच का दिलं असेल? रात्री हा सुधारक कू क्लक्स क्लॅनचा झगा घालतो. टॉमीला फासावर द्यायला जमलेल्या क्लॅनची कवायत कोएन बंधूंनी संगीतिकेतल्या नाचासारखी बसवली आहे.

या ठिकाणी माझं हसू अडकतं. सिनेमातलं साल १९३७ आहे, आणि १९३७ च्या एप्रिलमध्ये मिसिसिपीतल्या डक हिल गावी जमावाने दोन काळ्या माणसांना न्यायालयाच्या दारातून ओढून नेऊन हाल हाल करून मारलं. त्याच आठवड्यात वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात झुंडबळीविरोधी विधेयकावर चर्चा चालू होती. ते तिथे मंजूर झालं. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी भाषणं लांबवत नेऊन ते मारलं. सिनेमात मात्र स्टोक्स भर सभेत 'हा बँड मिश्र वर्णाचा आहे' म्हणून ओरडतो, तेव्हा गोरे श्रोते त्यालाच हाकलून देतात, कारण त्यांना गाणं ऐकायचंय. पॅपी वारं ओळखून व्यासपीठावरच चौघांना अभय देतो. माझ्या मते ही अख्ख्या सिनेमातली सगळ्यात मोठी थाप. काळ्यांचं संगीत आवडणं आणि काळ्यांना माणूस मानणं यांत त्या श्रोत्यांना कधी अडचण आली नव्हती. पहिलं ते करत, दुसरं करत नसत. १८९० च्या राज्यघटनेने मिसिसिपीतल्या काळ्यांचं मत जवळजवळ पुसूनच टाकलं होतं.

कोएन बंधूंना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. सिनेमाचं नावच त्याची कबुली आहे. १९४१ च्या प्रेस्टन स्टर्जेसच्या 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स'मध्ये विनोदी सिनेमे काढणारा एक दिग्दर्शक गरिबांच्या दुःखावर गंभीर सिनेमा काढायला निघतो, त्या न निघालेल्या सिनेमाचं नाव 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'. तो गरिबी पाहायला जातो आणि खरोखरच साखळदंडात अडकतो. काळ्यांच्या एका चर्चमध्ये कैद्यांना कार्टून दाखवतात, बेड्या घातलेली माणसं खदखदून हसतात, आणि तो ठरवतो की आपण विनोदीच सिनेमा काढायचा. साठ वर्षांनी कोएन बंधूंनी तो गंभीर सिनेमा काढला, विनोदी करून. रंगसुद्धा खोटा. १९९९ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी हिरवंगार होतं. छायालेखक रॉजर डीकिन्सने संपूर्ण सिनेमाचे रंग संगणकावर बदलून ते वाळल्या गवताचं, जुन्या फोटोसारखं पिवळट केलं. सबंध सिनेमाला असं करण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयोग. मंदीचा काळ आपल्याला फोटोंतूनच माहीत, तेव्हा तो फोटोच्याच रंगाचा.

एक गोष्ट मात्र या सिनेमात रंगवलेली नाही. ती अगदी पहिल्या मिनिटाला येते, आणि बहुतेक लोक नट ओळखण्याच्या नादात ती ऐकत नाहीत. खडी फोडणारे काळे कैदी गात आहेत. ते गाणं, 'पो लॅझरस', सिनेमासाठी गायलेलं नाही. ॲलन लोमॅक्स १९५९ मध्ये पुन्हा मिसिसिपीत गेला होता, पार्चमनच्या एका छावणीत. तिथे कैद्यांची टोळी कुऱ्हाडीने लाकडं फोडत होती आणि जेम्स कार्टर नावाचा कैदी गाणं सांगत होता, बाकीचे उचलत होते. जात्यावरच्या ओवीत जसा दगडाचा फेरा ऐकू येतो तसे इथे कुऱ्हाडीचे घाव ताल धरतात. हा ताल शोभेचा नाही: सगळ्यांची कुऱ्हाड एकदम पडली की मागे पडणारा वेगळा दिसत नाही, आणि वेगळ्या दिसणाऱ्याचं पार्चमनमध्ये काय होई ते सगळ्यांना ठाऊक होतं. हजारो एकरांची ती सरकारी कापूसशेती. पहाऱ्याला बंदुका दिलेले कैदीच. ही पद्धत मोडायला १९७२ साल आणि एका न्यायाधीशाचा निकाल लागला.

सिनेमातल्या गाण्यांची सीडी निर्माता टी-बोन बर्नेटने जुळवली होती. कुणाचा अंदाज नसताना ती अमेरिकेत लाखांनी खपली, पुढे आकडा ८० लाखांपर्यंत गेला, आणि २००२ मध्ये तिला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. क्लूनीच्या तोंडचा आवाज डॅन टिमिन्स्कीचा होता, त्याचं नाव झालं. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचा राल्फ स्टॅन्ली नव्याने प्रसिद्ध झाला. उरला सीडीवरचा पहिलाच आवाज. लोमॅक्सच्या संग्रहाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी मानधन द्यायला जेम्स कार्टरचा शोध सुरू केला, आणि तो शिकागोत सापडला. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्याला वीस हजार डॉलरचा चेक देण्यात आला. तेहेतीस वर्षांच्या पॅरीला डोंगरात जे शोधायचं होतं तेच हे: गाणाऱ्यावाचून हिंडत राहिलेलं गाणं. पण ओडिसियस स्वतःचं गाणं ऐकून रडला होता. कार्टरला ते गायलेलंच आठवत नव्हतं. त्याच्यासाठी ती चाळीस वर्षांपूर्वीची कामाची आणखी एक सकाळ होती.

तो ग्रॅमी सोहळ्याला गेला, पुढच्या वर्षी वारला. सिनेमातला एव्हरेट तोपर्यंत घरी पोचलेला असतो, म्हणजे तसा. होमरच्या गोष्टीत पेनेलोपीला नवऱ्याची ओळख पटते ती पलंगावरून: जिवंत ऑलिव्हच्या झाडातून कोरलेला, जागचा हलवता न येणारा पलंग. १९३७ मध्ये न हलणारं काही उरलेलं नाही. धरणाचं पाणी येतं आणि घर, झाडं, फासाचे दोर सगळं बुडवतं. अंगठी ज्यात होती ते लिहायचं टेबल पाण्यावर तरंगत येतं, वर टॉमी बसलेला. एव्हरेट अंगठी घेऊन ऐटीत जातो. पेनी बघते आणि म्हणते, ही माझी नाहीच. तिची अंगठी आता तळ्याच्या तळाशी आहे.

सिनेमा पाहा, पण त्याआधी हेडफोन लावून सीडीचं पहिलं गाणं ऐका. ॲपवर गायकाच्या जागी नाव दिसेल: जेम्स कार्टर अँड द प्रिझनर्स. घाव मोजायला गेलात तर एकाहून जास्त कुऱ्हाडी ऐकू येतात, आणि प्रत्येक ओळ उचलणारे आवाजही.